आग न लावण्याची शपथ

ऑक्टोबर २०१८. आम्ही वीसेक नवे विद्यार्थी एका जुन्या खोलीत दाटीवाटीनं उभे होतो. प्रत्येकाच्या हातात एकेक छापील कागद, आणि त्यावरचं सगळ्यांनी एका सुरात मोठ्यानं वाचायचं: ग्रंथालयातलं काहीही मी बाहेर नेणार नाही, त्यावर खुणा करणार नाही, त्याला इजा पोचवणार नाही, ग्रंथालयात विस्तव किंवा ज्योत आणणार नाही, तिथे पेटवणार नाही, धूम्रपान करणार नाही, ग्रंथालयाचे सगळे नियम पाळीन. वाचता वाचता माझा उजवा हात आपोआप सरळ पुढे गेला. शाळेत दहा वर्षं रोज सकाळी म्हटलेल्या प्रतिज्ञेची सवय. शेजारच्या जर्मन मुलाचा चेहरा पाहून मी तो झटकन खाली घेतला. त्याचा चेहरा तसा का झाला, ते मला रात्री अंथरुणात लक्षात आलं.

ही ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाची शपथ. ग्रंथालय १६०२ साली उघडलं. आगीची भीती एवढी, की १८४५पर्यंत आत ऊब देणारी कसलीही सोय नव्हती आणि विजेचे दिवे यायला १९२९ साल उजाडलं. इंग्लंडच्या थंडीत, लाकडी छताखाली, हातमोजे घालून माणसं तिथे वाचत बसायची. पुस्तक घरी न्यायला मिळत नाही, कोणालाच नाही. १६४५ साली, यादवी युद्धात ऑक्सफर्ड ही राजाची राजधानी असताना, पहिल्या चार्ल्सनं एक पुस्तक मागवलं, तर त्यालाही नाही म्हणाले. शपथेची शंभराहून जास्त भाषांतरं तिथे आहेत आणि आपापल्या भाषेत ती म्हणता येते, हे मला नंतर कळलं. तेव्हा कळलं असतं तरी पुढे होऊन ‘मराठीत आहे का हो?’ असं विचारण्याची माझी हिंमत झाली नसती. पहिल्या आठवड्यात मी तिथे कोणालाच काही विचारत नव्हते.

मी नाशिकची. पुण्यात पाच वर्षं कायदा शिकले, वर्षभर एका वकिलांच्या हाताखाली उमेदवारी केली आणि मग बीसीएलला, म्हणजे ‘बॅचलर ऑफ सिव्हिल लॉ’ला, अर्ज केला. नावात बॅचलर असलं तरी हा पदवीनंतरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. हे मी मामाला तीन वेळा समजावलं आणि तीनही वेळा तो म्हणाला, ‘‘म्हणजे एवढं कर्ज काढून पुन्हा बॅचलरच?’’ अर्जासाठी गुणपत्रिका, प्राध्यापकांची शिफारसपत्रं आणि स्वतः लिहिलेला एक निबंध लागला. मग व्हिसा: बँकेत ठरावीक रक्कम सलग २८ दिवस हलता कामा नये, क्षयरोग नसल्याचा छातीचा एक्सरे, बोटांचे ठसे. त्या २८ दिवसांत बाबा एटीएमच्या बाजूनंसुद्धा जात नव्हते.

या सगळ्या खटाटोपात एका रात्री मी ‘नाशिक’, ‘ऑक्सफर्ड’ आणि ‘कायदा’ हे तीन शब्द एकत्र शोधले आणि कॉर्नेलिया सोराबजी सापडल्या. जन्म नाशिक, १८६६. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या. परीक्षेत वरचा नंबर आला, पण विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती बाईला देता येत नाही म्हणून ती हुकली. शेवटी इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी वर्गणी काढली. फ्लोरेन्स नाइटिंगेलनंही त्यात पैसे घातले. १८८९ साली त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये पोचल्या आणि तिथे त्यांनी बीसीएलच केलं. नाशिकमध्ये बारावीपर्यंत शिकले, पण हे नाव मला कोणी सांगितलं नव्हतं.

ऑक्सफर्डला पोचल्यावर पहिलं कोडं पडतं ते विद्यापीठ नेमकं कुठे आहे हे. पर्यटक रस्त्यात थांबवून विचारतात आणि बोट दाखवायला जागा नसते. तिसाहून जास्त कॉलेजं, प्रत्येकाची भिंत वेगळी, जेवणाचं दालन वेगळं, हिरवळीवर पाय ठेवायचे नियम वेगळे. व्याख्यानं आणि परीक्षा विद्यापीठाच्या. राहणं, जेवणं, आजारपण, रडणं कॉलेजचं. दाराशी पोर्टर बसतात. त्यांना पहारेकरी समजायची चूक करू नये. हरवलेली किल्ली, न आलेलं पार्सल, बँक खात्यासाठी लागणारं पत्र कोणाकडे मागायचं, सायकलच्या चाकाची हवा, सगळं त्यांना ठाऊक असतं. टपालाच्या कप्प्याला ‘पिज’ म्हणतात. खोली झाडायला येणाऱ्या बाईंना ‘स्काउट’ म्हणतात, आणि दर सत्राला ‘बॅटल्स’ येतं. नाव लढाईचं वाटतं. असतं कॉलेजचं बिल. तसा फार फरक नाही म्हणा.

पहिल्या आठवड्याच्या शनिवारी मॅट्रिक्युलेशन, म्हणजे विद्यापीठात रीतसर दाखल होणं. ‘मॅट्रिक’ म्हटलं की आमच्याकडे अजून आजोबांची आठवण निघते, त्यामुळे आजीला वाटलं मी दहावीला बसतेय. काळे कपडे, पांढरा सदरा, गळ्यात काळी फीत, वर बिनबाह्यांचा काळा झगा, हातात चौकोनी टोपी. या पोशाखाला ‘सबफस्क’ म्हणतात. अशा वेषात शेकडो पोरं रांगेनं शेल्डोनियन थिएटरकडे निघतात. ही इमारत ख्रिस्तोफर रेननं १६६०च्या दशकात बांधली. त्याचं लंडनचं सेंट पॉल कॅथीड्रल नंतरचं. आत रंगवलेल्या छताखाली कुलगुरूंनी लॅटिनमध्ये दोन वाक्यं म्हटली आणि मी ऑक्सफर्डची झाले. पाऊण तासाच्या रांगेनंतर पंधरा मिनिटांत कार्यक्रम आटोपला. मुंज लागते तसं वाटलं: अर्थ कळला नाही, पण आता माघार नाही एवढं कळलं.

तिथे तारखा कोणी बोलत नाही. सत्र आठ आठवड्यांचं, आठवडा रविवारी सुरू, आणि सगळं ‘तिसऱ्या आठवड्याचा गुरुवार’ अशा भाषेत. सत्रापूर्वीचा आठवडा शून्यावा. पाचव्या आठवड्यात सगळ्यांची मनं एकदम बसतात, त्याला ‘फिफ्थ वीक ब्लूज’ असं नावच आहे. मी हसले होते.

अभ्यासाचा गाभा म्हणजे ट्युटोरियल. आमच्या चार विषयांतल्या एकात, चुकून किंवा कारण नसताना एकाकडून दुसऱ्याकडे गेलेली संपत्ती परत कशी मिळवायची हे शिकायचं होतं. खोलीत ट्यूटर, एक ऑस्ट्रेलियन मुलगी आणि मी. निबंध आदल्या दिवशी पाठवलेला. पहिलाच खटला १८४१ सालचा: केली विरुद्ध सोलारी. सोलारी नावाच्या माणसाचा आयुर्विमा होता, शेवटचा हप्ता भरायचा राहिला आणि विमा बुडाला. तो वारल्यावर कंपनीच्या संचालकांना हप्त्याचं लक्षातच राहिलं नाही, त्यांनी विधवेला पैसे देऊन टाकले आणि मग परत मागितले. कोर्ट म्हणालं, निष्काळजीपणा असला तरी चूक ती चूक. खरंच चुकून दिले असतील तर परत मागता येतात.

मला हे सोपं होतं. आपल्या १८७२च्या करार कायद्यात बहात्तरावं कलम आहेच: चुकीनं किंवा जबरदस्तीनं ज्याला पैसे दिले गेले, त्यानं ते परत केले पाहिजेत. मी ते न अडखळता म्हणून दाखवलं. ट्यूटर खूश दिसले.

‘‘छान आहे कलम. पण का?’’

‘‘कलमात तसं आहे म्हणून.’’

‘‘आणि कलमात तसं का आहे?’’

मी गप्प. ते म्हणाले, ‘‘नवरा गेलाय. बाईनं काहीच चुकीचं केलेलं नाही, खोटं बोलली नाही. चूक कंपनीची. मग भरपाई तिनं का करायची?’’

‘‘ते पैसे तिचे नव्हते.’’

‘‘ते तर आपल्याला सिद्ध करायचंय.’’

पुढची चाळीस मिनिटं त्या विधवेची बाजू ते लढवत होते आणि मी कंपनीची, आणि मी हरत होते. घरी जाताना निबंध परत मिळाला. त्यात ‘विद्वान लेखकांच्या मते’ हे शब्द मी जिथे जिथे लिहिले होते तिथे पेन्सिलीनं बारीक गोल केले होते. अकरा गोल. शेरा काही नाही.

यात पुण्याच्या शिक्षणाला नावं ठेवायची नाहीत. पाठ असलेली कलमं पुढे वर्षभर मला उपयोगी पडली, आणि ऑस्ट्रेलियन मुलीला प्रत्येक वेळी लॅपटॉप उघडावा लागायचा. पण ‘मला असं वाटतं’ या तीन शब्दांनी सुरू होणारं वाक्य मी तोवर कायद्याच्या वहीत एकदाही लिहिलं नव्हतं. वाटायचा प्रश्नच नव्हता. न्यायमूर्तींना काय वाटलं ते लिहायचं.

वाचायला जायचं कायद्याच्या ग्रंथालयात. हे काही पोस्टकार्डावरचं ऑक्सफर्ड नाही. घुमट, कमानी तिकडे. आमची इमारत १९६०च्या दशकातली, पिवळसर विटांची, चौकोनी, बाहेर ऐसपैस पायऱ्या. पण आत निकालपत्रांचे खंड उघड्या फडताळांत, हवा तो स्वतः काढून घ्यायचा. कॅनडाच्या शेल्फासमोर उभं राहून मागे वळलं की भारत. रात्री दहाला बंद होईपर्यंत मी तिथे असे, आणि खुर्चीवर आधी जाऊन शाल टाकून ठेवणं ही विद्या पुण्याहून शिकून आलेलीच होते.

राहायला आम्ही पाच जण इफली रोडवरच्या एका जुन्या घरात होतो. कॉलेजचंच घर. एक लागोसची, एक शांघायचा, एक वेल्शमन, एक ग्रीक आणि मी. खोलीत मेणबत्ती, उदबत्ती, काहीही पेटवायला बंदी. स्वयंपाकघरात उष्णता ओळखणारं यंत्र आणि बाहेर बोळात धूर ओळखणारं, त्यामुळे स्वयंपाक करताना मधलं दार लावून घ्यायचं, असं भिंतीवर लिहिलं होतं. मी वाचलं होतं. पण एका रात्री साडेनऊला वरणाला फोडणी घालताना तेल जरा जास्त तापलं. मोहरी, हिंग आणि दोन सुक्या मिरच्या पडल्या मात्र, मला असा ठसका लागला की मी पहिल्यांदा काय केलं असेल तर दार उघडलं.

तो आवाज मी जन्मात विसरणार नाही. नियमाप्रमाणे सगळ्यांनी रस्त्यावर. पाऊस. वेल्शमन टॉवेलवर. शांघायचा मुलगा लॅपटॉप पोटाशी धरून, कारण प्रबंधाचा मसुदा. पंधरा मिनिटांनी कॉलेजचे रात्रपाळीचे पोर्टर आले, आत गेले, खोकत बाहेर आले आणि शांतपणे म्हणाले, ‘‘काय शिजत होतं, मिस?’’ फोडणीला इंग्रजीत काय म्हणायचं ते त्या क्षणी आठवेना. मी म्हटलं, ‘‘मस्टर्ड.’’ त्यांनी वहीत तेवढंच लिहिलं. नंतर कॉलेजचं लेखी समजपत्र आलं, त्यात ‘मस्टर्डची घटना’ असा उल्लेख होता. घरात मात्र त्यानंतर मला वेगळाच मान मिळाला. लागोसची म्हणाली, तिच्या मिरच्यांनी कधी एवढं केलं नव्हतं. तेव्हापासून रविवारचं जेवण आम्ही दोघी मिळून करू लागलो, दार लावून.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन ७ नोव्हेंबरला आलं. बुधवार. पाचवा आठवडा. हसू केव्हाच संपलं होतं. दुपारी चारलाच उजेड उतरायला लागला होता, तिसरा निबंध बाकी, आईचा फोन, मागे फटाके. आदल्याच शनिवारी इथेही साउथ पार्कात आतषबाजी झाली होती, पण ती गाय फॉक्सची: १६०५ साली पार्लमेंट दारूनं उडवायला निघालेल्या कटवाल्यांपैकी एक. एक कट फसला म्हणून चारशे वर्षं फटाके उडवणाऱ्या देशात मला एक पणती लावायला परवानगी नव्हती. शेवटी काउली रोडवरच्या वाणसामानाच्या दुकानातून बॅटरीच्या पणत्या आणल्या. याच रस्त्यावर पोहे, रवा, कढीपत्ता, सगळं मिळतं. मॅग्डलेन पूल ओलांडला की ऑक्सफर्डचं हे दुसरं गाव सुरू होतं. त्या पणत्या अशा काही लुकलुकायच्या की लक्ष्मी आली असती तर फ्यूज बघायला लागली असती. आईला व्हिडिओवर दाखवल्या तेव्हा ती म्हणाली, ‘‘छान दिसतायत गं.’’ आवाजावरून कळत होतं.

आगीबद्दल या गावाला एवढा धाक का, याचं एक उत्तर रस्त्यातच सापडलं. ब्रॉड स्ट्रीटवर, रोज सायकलनं जाते तिथे, डांबरात दगडांचा एक क्रूस बसवलेला आहे. लॅटिमर आणि रिडली या दोन प्रोटेस्टंट बिशपांना १५५५ साली इथे जिवंत जाळलं. पुढच्या वर्षी आर्चबिशप क्रॅनमरला. मी महिनाभर त्यावरून चाक घालत होते. कळल्यावर वळसा घालू लागले. आपल्याकडे पाय लागला तर नमस्कार करतो. सायकलचं चाक लागलं तर काय करायचं ते कोणी शिकवलेलं नाही. त्याच रस्त्याच्या टोकाला, कोपऱ्यावरच्या इमारतीच्या शेंड्यावर वारा दाखवणारा हत्ती आहे. मोनियर विल्यम्स या संस्कृतच्या प्राध्यापकांनी उभारलेलं हे इंडियन इन्स्टिट्यूट. ते ज्या अध्यासनावर होते त्याला पैसे देणारा बोडेन हा कंपनी सरकारच्या मुंबई फौजेतला कर्नल. घरची आठवण आली की मी हत्तीकडे बघत असे. वारा बहुतेक वेळा पश्चिमेचा, म्हणजे हत्तीची पाठ घराकडे.

रात्री हाय स्ट्रीटवरून परतताना नऊ वाजून पाच मिनिटांनी क्राइस्ट चर्च कॉलेजची मोठी घंटा एकशे एक टोले देते. मूळचे शंभर विद्यार्थी आणि नंतर वाढलेला एक, यांच्यासाठी. आणि नऊ-पाचला का? तर ऑक्सफर्ड ग्रिनिचच्या पश्चिमेला आहे आणि सूर्याच्या हिशेबानं इथले नऊ पाच मिनिटं उशिरा वाजतात. देशानं घड्याळ एक केलं, घंटेनं मानलं नाही. मला यात काही नवल वाटलं नाही. मुंबईनंही आपली ३९ मिनिटं मागची ‘बॉम्बे टाइम’ स्वातंत्र्यानंतर काही वर्षं सोडली नव्हती.

दुसरं सत्र वाचण्यात गेलं, सांगण्यासारखं काही नाही. एकच. शेवटच्या ट्युटोरियलला पुन्हा सोलारीबाई निघाल्या. मी म्हटलं, ‘‘मला असं वाटतं, की पैसे आपलेच आहेत असं समजून तिनं ते विश्वासानं खर्च केले असतील, तर तिच्याकडून ते काढून घेणं चूक ठरेल, आणि हे हाउस ऑफ लॉर्ड्सनं १९९१ साली मान्य करायला फार उशीर केला.’’ ट्यूटर म्हणाले, ‘‘उशीर केला, हे मला पटत नाही.’’ मग आम्ही त्या ‘उशीर’वर तासभर भांडलो. निबंधावर एकही गोल नव्हता.

जूनअखेर परीक्षा. पुन्हा सबफस्क, या वेळी उन्हाळ्यात. कोटाला फूल लावायचं: पहिल्या पेपरला पांढरं कार्नेशन, मधल्यांना गुलाबी, शेवटच्याला लाल. ही फुलं स्वतः विकत घ्यायची नसतात, मित्रांनी द्यायची. माझी लागोसच्या मुलीनं दिली आणि ती फ्रिजमध्ये कढीपत्त्याशेजारी ठेवल्यामुळे पहिल्या पेपराला मला स्वतःचाच वास येत होता. हाय स्ट्रीटवरच्या एक्झामिनेशन स्कूल्सच्या भव्य दालनात एकेकटी टेबलं, वर सोनेरी चौकटींतली मोठी तैलचित्रं. तीन तास लिहायचं.

दुसऱ्या पेपराच्या आधी दाराशी उभी असताना मला सोराबजी आठवल्या. १८९२ साली बाईला बीसीएलच्या परीक्षेला बसू द्यायचं की नाही, यासाठी विद्यापीठाला खास ठराव करावा लागला होता. त्यांच्या आधी कोणी बसलंच नव्हतं. बसल्या, पास झाल्या; पदवी मात्र नाही, कारण ऑक्सफर्ड तेव्हा स्त्रियांना परीक्षा द्यायची, पदवी द्यायची नाही. हे १९२० साली बदललं. १९२२ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांना ती पदवी मिळाली. तीस वर्षं. माझ्या रांगेत त्या दिवशी निम्म्याच्या आसपास मुली होत्या आणि बहुतेकींची तक्रार एवढीच होती, की या झग्याला खिसा नाही.

पदवीदान समारंभाला परत जाण्याइतके पैसे नव्हते. अनुपस्थितीत पदवी घेता येते, ती घेतली. प्रमाणपत्र कुरियरनं नाशिकला आलं. पुठ्ठ्याचं पाकीट बाबांनी सुरीनं अर्धा तास लावून उघडलं. आईनं ते देवासमोर पाटावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, निरांजन लावलं आणि ओवाळायला ताट पुढे केलं.

‘‘आई, जरा लांबून,’’ मी म्हटलं.

‘‘अगं, काही होत नाही!’’

‘‘लांबून धर गं. मी लिहून दिलंय तिकडे.’’